एकाच विषाच्या शोधात

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातल्या अनुराधपुर आणि पोलोन्नरुव जिल्ह्यांत १९९०च्या दशकात सरकारी रुग्णालयांकडे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचा ओघ सुरू झाला. त्यांच्यातल्या अनेकांना मधुमेह नव्हता, पूर्वीपासूनचा रक्तदाब नव्हता, मूत्रपिंडाच्या दाहाचा इतिहासही नव्हता. बहुतेक जण भातशेती करणारे, कर्त्या वयातले. लघवीतून प्रथिने फारशी जात नव्हती, अंगावर सूज नव्हती, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत काही सापडत नसे. रक्तातले क्रिएटिनिन वाढल्याचे कळेपर्यंत मूत्रपिंडांची निम्म्याहून अधिक क्षमता गेलेली असे. ऊती तपासल्यावर दिसले, की पहिला मार रक्त गाळणाऱ्या गुच्छांपेक्षा त्यांना जोडलेल्या सूक्ष्म नलिकांवर आणि त्यांच्या भोवतालच्या भागावर पडतो आहे. जवळपास त्याच काळात मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या प्रशांत किनाऱ्यालगतच्या ऊसपट्ट्यात, याच लक्षणांचे रुग्ण वाढत होते. पुढे आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागाचे नाव या यादीत आले. आजाराला नाव मिळाले ते ‘अज्ञात कारणाचा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार’. आता तीसएक वर्षांचे संशोधन, त्यातले वाद, सरकारी बंदी आणि मागे घेतलेली बंदी असा बराच ऐवज आपल्यापुढे आहे. तो एकत्र पाहिला, तर कारण अज्ञात राहण्याचे एक मोठे कारण शोधाच्या पद्धतीतच असावे, असे मला वाटते. प्रत्येक गट एक रसायन, एक धातू किंवा एक परिस्थिती उचलतो, ती एकटीच सारे काही घडवते का हे तपासतो, आणि तसे सिद्ध झाले नाही की तिला सोडून देतो. शेतकऱ्याच्या शरीरात मात्र या गोष्टी कधीच एकेकट्या जात नाहीत.

मूत्रपिंडाची रचना पाहिली, तर तेच का बळी पडते हे समजते. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. दिवसाकाठी जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा नलिकांमधून परत शोषला जातो. पाणी परत जाते तसे मागे राहिलेल्या पदार्थांचे प्रमाण दाट होत जाते. शिवाय नलिकांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशींवर रक्तातले परके पदार्थ आत ओढून लघवीत टाकणारी वाहक प्रथिने असतात, त्यामुळे शरीरात अन्यत्र नगण्य असलेले रसायन या पेशींत बऱ्याच प्रमाणात साचू शकते. कॅडमियम तर इथे दहा-वीस वर्षे मुक्काम ठोकतो. उन्हात घाम जाऊन शरीर कोरडे पडले, की पाणी वाचवण्याचा आदेश देणारे संप्रेरक वाढते, लघवी कमी आणि गडद होते, मूत्रपिंडाला मिळणारे रक्त घटते आणि नलिकेतला तोच पदार्थ अधिक दाट होतो, अधिक वेळ टिकतो. उष्णता की रसायन, हा वाद या विषयात दोन दशके चालला आहे. नलिकेतल्या पेशीपाशी मात्र या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. संध्याकाळी अंगदुखीसाठी घेतलेली वेदनाशामक गोळीही मूत्रपिंडातला रक्तप्रवाह कमी करते, आणि उन्हात कष्ट करणाऱ्यांत ती किती घेतली जाते हे वेगळे सांगायला नको.

पुराव्यांपैकी सर्वांत समृद्ध पुरावा श्रीलंकेचा. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रीलंका सरकार यांनी मिळून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. अनुराधपुर, पोलोन्नरुव आणि बदुल्ला या तीन जिल्ह्यांत या विकाराचे प्रमाण सुमारे १५ टक्के निघाले. स्त्रियांत ते १६.९ टक्के होते, पुरुषांत १२.९, पण आजाराच्या गंभीर अवस्था पुरुषांत अधिक होत्या. रुग्णांच्या लघवीत कॅडमियम त्याच भागातल्या निरोगी लोकांपेक्षा जास्त होते, आणि बाधित भागातल्या निरोगी लोकांत ते बाहेरच्या भागातल्या लोकांपेक्षा जास्त होते. अनेकांच्या लघवीत कीटकनाशकांचे अंश सापडले. हे आकडे वाचून काहींनी प्रश्न केला, की फवारणी पुरुष करतात, मग स्त्रियांत प्रमाण अधिक कसे? मला या आकड्यांत विरोध दिसत नाही, उलट दोन वाटा दिसतात. घरातले सगळे एकाच विहिरीचे पाणी पितात, तिथून सुरुवात होते. ज्यांच्या पाठीवर त्याशिवाय फवारणीचा पंप आणि डोक्यावर ऊन असते, त्यांचा आजार पुढच्या टप्प्यात लवकर जातो. आकड्यांतून निघणारे हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. पण एकाच वाटेचा आग्रह धरणाऱ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा ते या आकड्यांना अधिक जुळते.

चन्ना जयसुमना, सरथ गुणतिलक आणि प्रियंता सेनानायके यांनी २०१४ साली मांडलेले गृहीतक नेमके एकत्रित परिणामाचे होते. ग्लायफोसेट हे जगातले सर्वाधिक वापरले जाणारे तणनाशक. १९७४मध्ये बाजारात आले. त्याआधी १९६४ साली त्याचे पेटंट घेतले गेले होते ते धातूंना धरून ठेवणारे संयुग म्हणून. कठीण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी ते बांधले जाते, ही गोष्ट वादाची नाही. कठीण पाण्यात कालवले की तणावर त्याचा परिणाम मंदावतो, म्हणूनच फवारणीच्या पाण्याबद्दल वेगळ्या सूचना दिल्या जातात. गृहीतक असे, की अशा बंधात अडकलेले रसायन पाण्यात लवकर नष्ट होत नाही आणि फॉस्फेट खतांतून आलेले कॅडमियम, आर्सेनिकसारखे धातू मूत्रपिंडापर्यंत वाहून नेते. २०१५मध्ये पदवी-श्रीपुर इथे केलेल्या तुलनात्मक अभ्यासात, वापर थांबवलेल्या विहिरींचे पाणी पूर्वी प्यायलेल्यांत आणि ग्लायफोसेट फवारणाऱ्यांत आजाराची शक्यता पाचपटीच्या आसपास निघाली. अशा अभ्यासात रुग्णाच्या आठवणीवर भर असतो आणि आजारी माणूस अधिक बारकाईने आठवतो, हा दोष त्यालाही आहे. म्हणून पुढचा पुरावा महत्त्वाचा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले निशाद जयसुंदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विहिरींचे पाणीच तपासले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाधित भागातल्या ४४ टक्के विहिरींत ग्लायफोसेट आढळले, बाहेरच्या भागात ८ टक्क्यांत. त्याच गटाने झेब्राफिश माशांवर धातू आणि तणनाशक यांची मिश्रणे वापरून मूत्रपिंडाच्या वाढीवर होणारा परिणाम तपासला; श्रीलंकेतल्याच अन्य संशोधकांनी उंदरांना फ्लोराइड, कॅडमियम आणि कठीण पाणी वेगवेगळे आणि एकत्र देऊन पाहिले. दोन्हीकडून मिश्रणाचा प्रश्न खरा असल्याचेच दिसते. मासा आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, पण वेगवेगळ्या पद्धतींनी केलेले अभ्यास एकाच दिशेला झुकतात तेव्हा त्यांना योगायोग म्हणणे कठीण होते.

या मांडणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप श्रीलंकेतूनच आला. तिथल्या डोंगराळ भागातल्या चहामळ्यांत ग्लायफोसेट भातपट्ट्याइतकेच सढळ हाताने, किंबहुना अधिकच वापरले गेले, आणि तिथे हा आजार नाही. ग्लायफोसेट हाच एकटा दोषी असता, तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. पण चहाचा प्रदेश पावसाचा आणि थंड. तिथले पाणी मृदू, पिण्यासाठी बहुधा झऱ्यांचे. रसायन आहे, बाकीचे सोबती नाहीत. उत्तर-मध्य प्रांत कोरड्या पट्ट्यातला, भूजलात कठीणपणा आणि फ्लोराइड दोन्ही, उन्हाळा दीर्घ. खुद्द त्या प्रांतातही जे जलाशयाचे किंवा झऱ्याचे पाणी पितात त्यांच्यात आजार कमी आढळल्याची निरीक्षणे आहेत. दुसरा आक्षेप जाफन्याचा: तिथे चुनखडीमुळे पाणी कठीण, शेती रसायनांवर चालणारी, तरी आजार तुरळक. यावर उत्तर देणारे सांगतात, की यादवी युद्धाच्या काळात उत्तरेकडे खते आणि शेतीरसायने जाण्यावर दीर्घकाळ निर्बंध होते, आणि तिथल्या कठीणपणात कॅल्शियमचा वाटा मोठा आहे, मॅग्नेशियम-फ्लोराइडचा नाही. हे उत्तर मला पटण्यासारखे वाटते, पण पुरेसे वाटत नाही. युद्ध २००९मध्ये संपले. पुढच्या काळातल्या जाफन्यातल्या आजाराचे प्रमाण हीच या गृहीतकाची खरी परीक्षा आहे, आणि तिच्याकडे गृहीतकाच्या समर्थकांनीच सर्वाधिक लक्ष द्यायला हवे.

मध्य अमेरिकेतला पुरावा उष्णतेकडे झुकतो आणि तो हलका मानता येणार नाही. एल साल्वादोरच्या राजधानीतल्या एका मोठ्या रुग्णालयातून २००२ साली आलेल्या अहवालात शेवटच्या टप्प्यातल्या नव्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत कोणतेही नेहमीचे कारण सापडले नव्हते. किनाऱ्यालगतच्या सखल, तापलेल्या शेतांत ऊस तोडणाऱ्यांत आजार दिसतो, उंचावरच्या थंड भागातल्या मजुरांत तो कमी. निकाराग्वात खाणकामगार आणि बांधकाम मजूरही बाधित झाले, त्यांच्या कामात फवारणी नव्हती. आखाती देशांत राबून परतलेल्या नेपाळी तरुणांत मूत्रपिंड निकामी होण्याची प्रकरणे पुढे आली, तिथेही शेतीचा संबंध नाही. आणि निकाराग्वातल्या चिचिगाल्पाजवळच्या साखर कारखान्यात सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती यांची व्यवस्था केल्यावर ऊसतोड कामगारांमधली मूत्रपिंडाची नवी इजा स्पष्टपणे घटली. इतका थेट पुरावा रसायनांच्या बाजूने कोणाकडेच नाही. उष्णता हा पहिल्या दर्जाचा घटक आहे हे मान्य केलेच पाहिजे. तरीही एल साल्वादोरच्याच बाहो लेंपा भागात, जिथे कापसाच्या काळापासून कीटकनाशकांचा मारा होत आला, कार्लोस ओरांतेस आणि सहकाऱ्यांना १७.९ टक्के लोकांत मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार आढळला, पुरुषांत २५.७, स्त्रियांत ११.८. ऊस न तोडणाऱ्या स्त्रियांमधल्या या प्रमाणाचा उलगडा केवळ श्रमाच्या उष्णतेने होत नाही. २०२०मध्ये मार्क दे ब्रो यांच्या गटाने वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांच्या ऊती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नलिकांच्या पेशींत मोठे, विद्रूप लायसोझोम, म्हणजे पेशीतला कचरा मोडणाऱ्या पिशव्या, दाखवले. काही औषधांच्या विषारी परिणामात दिसतात तसे. ही खूण विषबाधेचीच खास नाही, असा प्रतिवाद इतर विकृतिशास्त्रज्ञांनी केला, आणि तो रास्त आहे. उष्णतेच्या बाजूची माणसे मग म्हणतात की सावली देऊन आजार घटतो, म्हणजे रसायन निर्दोष. तर्कात इथे चूक होते. दोन घटक मिळून इजा करत असतील, तर त्यातला कोणताही एक काढला तरी इजा घटते. सावलीने आजार कमी झाला याचा अर्थ दुसरा घटक नव्हता असा होत नाही.

मिश्रणाचा परिणाम बेरजेपेक्षा मोठा असू शकतो, ही विषशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. १९५७ सालीच मॅलॅथिऑन आणि ईपीएन ही दोन सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके एकत्र दिली असता त्यांची विषाक्तता अपेक्षेपेक्षा कितीतरी वाढते, हे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत दिसले होते. यामागची यंत्रणा समजायला सोपी: एक रसायन यकृतातली जी वितंचके अडवते, तीच दुसऱ्याला निष्प्रभ करणारी असतात. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके शरीर तोडून टाकते ती अशाच वितंचकांनी, आणि प्रोफेनोफॉससारखे रसायन त्यांनाच रोखते. २००२ साली लंडनमध्ये आंद्रेआस कोर्टेनकांप यांच्या गटाने संप्रेरकासारखी वागणारी आठ दुबळी रसायने घेतली, प्रत्येकाची मात्रा एकटीने काहीच परिणाम न करण्याइतकी ठेवली, आणि मिश्रणाचा परिणाम मोजता येण्याइतका मोठा निघाला. मूत्रपिंडापुरते बोलायचे, तर अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनामधल्या परवानाधारक फवारणी करणाऱ्यांच्या प्रदीर्घ अभ्यासात पॅराक्वाट, मेटोलाक्लोर, पेंडिमेथालिन अशा तणनाशकांचा जास्त वापर आणि मूत्रपिंड पूर्ण निकामी होणे यांचा संबंध दिसला. तिथे ना श्रीलंकेचे पाणी, ना निकाराग्वाचे ऊन. म्हणून संबंध क्षीण, पण आहे. कायदा मात्र अजून एकेका रसायनाच्या हिशेबानेच चालतो. अमेरिकेने १९९६च्या कायद्यात एकाच यंत्रणेने काम करणाऱ्या कीटकनाशकांचा एकत्र विचार करण्याचे बंधन घातले, युरोपही त्या वाटेने सावकाश चालला आहे, पण वेगळ्या गटांतल्या रसायनांचे, धातूंचे आणि पाण्याचे एकत्र माप कुठेच घेतले जात नाही. आपल्याकडे डब्यावरची मात्रा त्या डब्यापुरती असते. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, तेव्हा दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारण्याची रीत सर्वांसमोर आली. ती तीव्र विषबाधा होती, मूत्रपिंडाचा संथ आजार नव्हे. पण पंपात काय जाते याचा तो उघड दाखला होता. अशा मिश्रणांचा सल्ला बहुतेक ठिकाणी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून मिळतो, आणि पंपात तयार होणाऱ्या त्या संयोगाची सुरक्षितता कोणी तपासलेली नसते.

आता नेहमीचा मुद्दा: लघवीत किंवा पाण्यात सापडलेले अंश बहुधा ठरवलेल्या मर्यादेच्या आत असतात, मग काळजी कशाची? ही मर्यादा ठरते ती एका रसायनाच्या, निरोगी, पुरेसे पाणी पिणाऱ्या शरीरावरच्या परिणामांवरून. बेचाळीस अंश तापमानात दिवसभर काम करून, वर्षानुवर्षे फ्लोराइडयुक्त पाणी पिऊन आणि गोळ्या घेऊन थकलेल्या मूत्रपिंडासाठी ती कोणी ठरवलेली नाही. दुसरा मुद्दा असा, की तीस वर्षांत सिद्ध झाले नाही म्हणजे त्यात तथ्य नसावे. बाल्कन देशांतल्या डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी १९५०च्या दशकात नोंदला गेलेला मूत्रपिंडविकार गव्हात मिसळणाऱ्या एका वनस्पतीतल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लामुळे होतो, हे ठामपणे कळायला या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यातल्या इताई-इताई आजाराचे मूळ खाणीतून आलेल्या कॅडमियममध्ये आहे, हे सरकारने १९६८मध्ये मान्य केले. लोक त्याच्या कितीतरी आधीपासून वेदनेने कण्हत होते. सिद्धता उशिरा येणे हा या आजारांचा स्वभावच आहे, कारण मूत्रपिंड अखेरपर्यंत तक्रार करत नाही.

तिसरा आक्षेप बंदीच्या अनुभवाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. श्रीलंकेने २०१५मध्ये ग्लायफोसेटवर पूर्ण बंदी घातली, २०१८मध्ये चहा आणि रबरासाठी ती शिथिल केली, २०२२मध्ये उठवली. मधल्या काळात, २०२१ साली, रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी आली आणि भाताचे उत्पादन कोसळले. काही महिन्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. या अनुभवातून रसायनांबद्दलची चिंताच खोटी, असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. माझ्या मते त्यातून दिसते ते एवढेच, की एकाच रेणूला दोषी ठरवून एकाच रेणूवर घातलेली बंदी ना आजार आटोक्यात आणते, ना शेतकऱ्याला वाचवते. शेतकरी दुसरे तणनाशक घेतो, पाणी तेच राहते, ऊन तेच राहते. बंदी कधी उपयोगी पडते, याचे उदाहरणही श्रीलंकेकडेच आहे: पॅराक्वाटसारखी अतिविषारी कीटकनाशके आणि तणनाशके टप्प्याटप्प्याने हटवल्यावर विष पिऊन होणाऱ्या आत्महत्यांतले मृत्यू घटले आणि पिकांचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. मिश्रणाचा प्रश्न मात्र एका बंदीने सुटत नाही. अनेक घटक जिथून एकत्र शिरतात त्या वाटा बंद कराव्या लागतात, आणि त्यातली पहिली वाट पिण्याचे पाणी. श्रीलंकेत नौदलाच्या मदतीने गावोगावी बसवलेली पाणी शुद्ध करणारी यंत्रे हे त्या दृष्टीने बंदीपेक्षा अधिक शहाणपणाचे पाऊल होते. आंध्रातही उद्दानमला, जिथे पाहणीत पाचेकापैकी एका प्रौढाला मूत्रपिंडविकार आढळला, सुमारे ७०० कोटी रुपयांची नळपाणी योजना आणि तिथल्याच पलासात २०० खाटांचे रुग्णालय व संशोधन केंद्र २०२३च्या डिसेंबरमध्ये सुरू झाले. नारळ, काजू आणि भाताच्या त्या किनारपट्टीत कारण अजून निश्चित नाही, पण पाण्यासाठी कारणाची वाट पाहिली गेली नाही, हे योग्यच झाले.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत थेट उभा आहे तो पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या शेकडो गावांचे भूजल खारे. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या आणि मृत्यूंच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. तिथे चर्चा बहुतेक वेळा पाण्याच्या खारेपणावर सुरू होते आणि तिथेच थांबते. वान धरणाच्या पाण्यावरची १४० गावांची योजना आवश्यकच आहे, पण हाच पट्टा कापूस आणि सोयाबीनचा, म्हणजे हंगामभर फवारणीचा आहे, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाराही आहे. श्रीलंकेचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पूर्णेच्या गाळात सोडियमचा खारेपणा आहे, अनुराधपुरात मॅग्नेशियमचा कठीणपणा, आणि रसायन या दोन पाण्यांत वेगळे वागेल. म्हणूनच इथला अभ्यास इथेच व्हायला हवा आणि तो सुरुवातीपासून एकत्रित असायला हवा: गावातल्या प्रौढांचे क्रिएटिनिन पेरणीआधी, फवारणीच्या ऐन हंगामात आणि ओल संपल्यावर; त्याच घरांच्या पाण्यातले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, धातू आणि तणनाशकांचे अंश; पंपात कालवलेल्या औषधांची नोंद डब्याच्या नावासकट; कामाचे तास, तापमान आणि वेदनाशामक गोळ्या. लघवीतल्या प्रथिनांची पट्टी या आजारात फसवते, त्यामुळे नुसत्या तिच्यावर विसंबलेली शिबिरे भरवून भागणार नाही. ज्या गावांना नळाचे गोडे पाणी आधी मिळाले आणि ज्यांना उशिरा, त्यांच्यातली तुलना तर आयती उपलब्ध आहे. योजना पूर्ण होत गेली की ती संधी संपेल, आणि पाण्याचा वाटा किती आणि पंपाचा किती हे वेगळे करण्याची इतकी चांगली सोय पुन्हा मिळणार नाही.